सागाची जाळी

श्रावण सरत आला की आमच्या संगमेश्वर तालुक्यातला डोंगर दोन रंगांचा होतो. आरवलीहून मुंबई-गोवा महामार्गाने संगमेश्वराकडे या, नाहीतर संगमेश्वराहून देवरुखचा रस्ता धरा. खाली भातशेती हिरवीगार, वर ऐन, किंजळ, कुंभा यांची काळपट हिरवी दाटी, आणि मध्येच सागाचे तपकिरी, करपलेले पट्टे. भर पावसात रान करपतं कसं, हे कोडं गणपतीला येणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याला पडतं. घरात बॅग टेकवायच्या आधी तो विचारतो, "वणवा लागला होता काय रे?" भादव्यात आमच्याकडे वणवा लागत नाही. ते अळ्यांचं काम असतं.

आमच्या मालकीचा साग वडिलांनी लावलेला. नाचणी-वरी पिकवणारी माणसं मुंबईला गेली आणि वरकस जमीन ओस पडली, तो १९९०च्या आसपासचा काळ. वर्तमानपत्रांत तेव्हा सागाच्या जाहिराती येत. आज थोडे पैसे गुंतवा, वीस वर्षांनी लाखो घ्या, असा एकूण सूर. वडिलांचा जाहिरातींवर विश्वास नव्हता, सागावर होता. रोपवाटिकेतून सागजड्या आणून त्यांनी वरकसाच्या खालच्या अंगाला ओळीने लावल्या. वरच्या अंगाचं जुनं रान मात्र तोडू दिलं नाही. तिथे ऐन, किंजळ, बेहडा, जांभूळ, शिवण आणि अधूनमधून आपोआप उगवलेला साग आहे. एकाच बांधाच्या खाली नुसता साग आणि वर मिसळ रान, अशी ही वाटणी पुढे मला फार उपयोगी पडली.

सागावर वर्षात दोन वेळा कीड येते. पहिली वेळ मृगाच्या आगेमागे. वळवाच्या सरी पडल्या की सागाला कोवळी पालवी फुटते. हे पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. लहानपणी आम्ही सगळ्यांनी हा उद्योग केला आहे. पालवी पुरती मोठी व्हायच्या आत, ज्या वर्षी यायची त्या वर्षी कीड येते. आदल्या दिवशीपर्यंत काही दिसत नाही आणि एक दिवस झाडाखाली उभं राहिलं की डोक्यावर पानांऐवजी आभाळ दिसतं. पावसाची उघडीप असेल तर बारीक तडतड ऐकू येते. पाऊस नाही, वारा नाही. वरून अळ्यांची विष्ठा जमिनीवरच्या सुक्या पाचोळ्यावर पडत असते.

खालच्या फांदीचं एखादं पान हाताशी धरून पाहिलं की प्रकार कळतो. पानाच्या कडेला अर्धगोल काप घेऊन तेवढा तुकडा दुमडलेला असतो आणि रेशमाच्या धाग्यांनी टाचलेला असतो. नखाने तो उचकला की आत अळी. रंग काळपट, अंगावर पांढरट रेघा, पाठीवर नारिंगी झाक. उजेड लागला की ती झटका देते आणि धाग्याला लोंबकळत खाली सुटते. सगळ्या झाडांवरच्या अळ्या जवळजवळ एकाच मापाच्या. कारण पतंग थव्याने येतात आणि एका वेळी अंडी घालून जातात. एक मादी पाचशेच्या आसपास अंडी घालते. अळी दहा-बारा दिवस खाते, धाग्यावरून खाली उतरून पाचोळ्यात कोष करते आणि सगळं चक्र तीनेक आठवड्यांत पुरं होतं. तेवढ्यात पानाच्या जाड शिरा तेवढ्या शिल्लक राहतात. पतंग बसलेला असताना करड्या रंगाचा, लक्षात न येणारा. पंख उघडले की मागचे पंख काळे आणि त्यांवर नारिंगी ठिपके. शास्त्रीय नाव हिब्लिया प्युरा.

ही पहिली धाड गावात कोणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा सगळा गाव लावणीत असतो. माणसाची मान खाली, हात चिखलात, डोक्यावर इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद. वरच्या सागाकडे बघायला फुरसत कोणाला? शिवाय साग महिन्याभरात दुसऱ्यांदा पालवतो. नागपंचमीला झाड पुन्हा हिरवं, वर पांढऱ्या फुलांचे तुरे. जून-जुलैत काय झालं त्याची खूणही राहत नाही.

दुसरी वेळ श्रावण-भादव्यातली. ही कीड वेगळी, युटेक्टोना मॅकेरॅलिस. हिची अळी हिरवट, बारीक, अंगावर काळे ठिपके. पानावर विरळ जाळं विणून त्याखाली बसते आणि शिरांच्या मधला हिरवा गर तेवढा खाते. असं एक पान उजेडात धरून बघा. मधली शीर, तिच्या फांद्या, फांद्यांच्या उपफांद्या, अगदी केसाएवढी शीर जागच्या जागी आणि मधलं सगळं गायब. जुन्या नऊवारीचं वापरून विरलेलं सूत जसं दिसतं, तसं ते पान दिसतं. अळीला काडी लावली तर ती उलट्या चालीने मागे सरते. तिचा पतंग पिवळा, इवलासा, पंखांवर तांबूस नागमोडी रेघा. रात्री पडवीतल्या दिव्याभोवती हे पतंग जमू लागले की समजावं, पुढच्या पंधरवड्यात डोंगर तपकिरी होणार.

आरडाओरडा होतो तो या वेळी. लावणी संपलेली, गणपती आलेले, मुंबईकर घरात, आणि समोरचा डोंगर करपलेला. मग ज्याच्या त्याच्या परीने कारणं निघतात. कोणी म्हणतं, कारखान्यांच्या धुराचा पाऊस पडला. कोणी मोबाईलच्या टॉवरवर ढकलतं. कोणी म्हणतं, देवराईतलं झाड तोडलं त्याचं हे फळ. एका वर्षी आमच्या ओटीवर अशीच चर्चा रंगली होती. शेजारची आजी वाती वळता वळता म्हणाली, "अवो, आमच्या ल्हानपनापास्नं बगतोय. साग पानं टाकतो नि परत येतो. त्येला काय हुतंय?" एवढ्या मंडळींत सत्याच्या सगळ्यात जवळ तीच होती.

मोठ्या भावाला हे पटलं नाही. दादाने मुंबईहून फोन केला, "फवारणी करून घे, पैसे पाठवतो." औषधाच्या दुकानात चौकशी केली तर दुकानदार दोन बाटल्या काउंटरवर ठेवून मोकळा झाला. सागाची उंची किती, पंप कोणता, खाली काय आहे, हे त्याने विचारलं नाही. आमचा साग चाळीस फुटांच्या वर गेलेला. पाठीवरच्या पंपाचा फवारा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. खाली पऱ्या वाहतो. त्या पाण्यात म्हशी बसतात, पोरं मासे धरतात आणि ते पुढे शास्त्री नदीला मिळतं. बरं, पावसाची सर आली की मारलेलं औषध तासाभरात धुऊन पऱ्यात. मी दादाला सांगितलं, थोडं थांबू, आधी माहितगाराला विचारू.

माहितगार घरातच निघाले. आईचे चुलतभाऊ वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं विदर्भात, आलापल्लीकडच्या सागात गेलेली. मामा गणपतीला आले तेव्हा त्यांना रानात घेऊन गेलो. जाळी झालेली पानं त्यांनी हातात घेतली आणि टाकून दिली. मला म्हणाले, "हे सोड. जूनमध्ये काय झालं होतं ते सांग."

मला सांगता येईना. कारण जूनमध्ये कोणी बघितलंच नव्हतं.

मग त्यांनी केरळातल्या निलांबूरची गोष्ट सांगितली. निलांबूरला १८४०च्या दशकात इंग्रजांनी सागाची लागवड सुरू केली. जगातल्या सगळ्यात जुन्या सागलागवडींत ती गणली जाते. तिथल्या सागावर दर वर्षी याच दोन किडी येतात. त्रिशूरजवळ पीची इथे केरळ वनसंशोधन संस्था आहे, १९७५ साली सुरू झालेली. तिथले कीटकशास्त्रज्ञ के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निलांबूरच्या तरुण सागात एक प्रयोग केला. काही तुकड्यांत कीड येऊ दिली नाही, काही तुकडे तसेच सोडले, आणि लाकूड किती वाढतं ते मोजत राहिले. त्यांचा अहवाल १९८५चा आहे. पावसाच्या सुरुवातीला येणाऱ्या अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीतला ४४ टक्के भाग बुडतो, असं त्यात निघालं. हेक्टरी वर्षाला सुमारे ३ घनमीटर लाकूड. आणि नंतर येणारी जाळी करणारी अळी? तिच्यामुळे वाढीत मोजण्याजोगा फरक पडला नाही.

याचं कारण समजायला सोपं आहे. झाड वाढतं ते पावसाच्या पहिल्या भागात. तेव्हाची पालवी म्हणजे त्याची चालती चूल. ती गेली की साठवलेलं अन्न खर्चून दुसरी पालवी काढावी लागते आणि तेवढी वाढ खुंटते. भादव्यातलं पान जून झालेलं, त्याचं काम उरकत आलेलं, पुढे थंडी-उन्हाळ्यात ते गळणारच. त्याची जाळी झाली तर डोंगर भेसूर दिसतो, झाडाचं फारसं बिघडत नाही. म्हणजे ज्या किडीसाठी आम्ही ओटीवर भांडत होतो ती जवळजवळ निरुपद्रवी, आणि जी खरोखर लाकूड खात होती ती आमच्या नकळत येऊन जात होती. मात्र दोन्ही किडींनी झाड मरत नाही, हे मामांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

तेव्हापासून मृग लागला की मी रानात फेरी मारतो. लावणी असली तरी मारतो. सलग सागाच्या वाडीत आणि बांधावरच्या मिसळ रानात, दोन्हीकडे. लोक म्हणतात, मिश्र लागवड असली की कीड येत नाही. सागाच्या बाबतीत मला तसं दिसलं नाही. वाडीत धाड आली त्या वर्षी वरच्या रानातल्या सागाचीही पानं गेली. पतंग उडत येतो, त्याला ऐनामागे लपलेला सागही सापडतो. फरक इतकाच की वरचं रान हिरवं राहिलं, कारण ऐन-किंजळाला त्या अळीने तोंड लावलं नाही. सगळी मालमत्ता एका झाडात अडकली की एका किडीने सगळी धोक्यात येते. दहा झाडांत वाटली की एकाचं गेलं तर नऊ उभी राहतात. मिश्र लागवडीचा खरा फायदा हा.

या फेऱ्यांत कीड कशी थांबते तेही पाहायला मिळालं. एका वर्षी वाडीत अळ्याच अळ्या होत्या आणि पानं अजून निम्मी शिल्लक होती. दोन-चार दिवसांनी गेलो तर बऱ्याच अळ्या पानांना उलट्या लटकलेल्या, मऊ, काळपट. काडी लावली तर कातडी फुटून आतून पाणी आलं. हा अळ्यांचा विषाणुजन्य रोग. पीचीच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८८ साली तो नोंदवला आणि पुढे त्याच विषाणूचा फवारा करून सागावर वापरण्याचे प्रयोगही केले. हा विषाणू त्या अळीखेरीज दुसऱ्या कोणाला बाधत नाही. माणूस, गुरं, मधमाशी, मासे सगळे सुरक्षित. शिवाय पाखरं असतातच. कोतवाल, साळुंक्या, सातभाई यांची त्या दिवसांत सागात नुसती झुंबड असते. कुकुडकोंबा खालच्या झुडपांतून उतरणाऱ्या अळ्या टिपत फिरतो. पावशा ओरडतो म्हणून आपण पेरणीची आठवण काढतो. तो बिचारा या दिवसांत अळ्यांवर ताव मारत असतो. विषारी औषध मारलं असतं तर अळ्यांबरोबर हे गडीही गेले असते.

पण म्हणून कीड म्हणजे काहीच नाही, असं कोणी समजू नये. पान खाणारी कीड वेगळी, खोड पोखरणारी वेगळी. आमच्या भागात काजूला रोठा लागतो आणि आंब्याला भिरूड. हे भुंगे खोडाच्या सालीत अंडी घालतात आणि अळी आत शिरून रस वाहणारा थर पोखरते. काजूवरचा रोठा तर जमिनीलगतच्या मीटरभर खोडात आणि वर आलेल्या मुळांत सुरू होतो. खोडाशी भुसा आणि डिंक मिसळलेला लगदा दिसला की समजायचं. त्या वेळी पानं हिरवी असतात, काजूही धरलेला असतो. पानं पिवळी पडतात तेव्हा अळीने खोडाला आतून वेढा घातलेला असतो आणि झाड हातचं गेलेलं असतं. आमच्या वाडीतले काही काजू असेच गेले. उपाय आहे, पण तो लवकर करावा लागतो. पटाशीने साल तासून अळी शोधून मारायची, जखम साफ करायची, खोडाला मीटरभर उंचीपर्यंत डांबर आणि रॉकेल यांचं मिश्रण फासायचं, आणि मेलेलं झाड मुळासकट उपटून जाळायचं. ते तसंच उभं ठेवलं तर तिथूनच पुढच्या झाडांना लागण होते.

खोड पोखरणारा भुंगा जंगलात मातला तर काय होतं ते मध्य प्रदेशाने पाहिलं आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला, दिंडोरी, बालाघाट या भागांतल्या सालवृक्षांवर सालभुंग्याची साथ आली आणि लाखो झाडं गेली. १९२०च्या दशकातही तिथे अशी साथ येऊन गेली होती. सालाचा ताजा रस भुंग्याला लांबून ओढून आणतो, म्हणून वनखातं काही झाडं पाडून त्यांच्या ओंडक्यांची साल ठेचून ठेवतं. रस प्यायला जमलेले भुंगे गावकरी वेचतात आणि भुंग्यामागे मजुरी घेतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात तर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या भुंग्याने सुमारे १.८ कोटी हेक्टर पाइनच्या जंगलाला झळ पोचवली. कडाक्याच्या थंडीत त्याच्या अळ्या मरायच्या. हिवाळे उबदार झाले तशा त्या जगू लागल्या. त्यापुढे आमच्या सागाची अळी म्हणजे मोसमी पाहुणी.

या दोन प्रकारांतला फरक कळला नाही की काय होतं, ते मी गावात पाहिलं. एका भादव्यात लाकडाचा व्यापारी वाडीत फिरत होता. त्याचं नेहमीचं हुकमी बोलणं, "झाडं मेलीत तुमची. आत्ता देऊन टाका. पुढच्या वर्षी लाकडाला भोकं पडतील, मग जळाऊ म्हणूनही कोणी घेणार नाही." शेजारच्या काकांनी आपला तरणा साग त्या वर्षी मिळेल त्या भावात दिला. झाडं घेरात भरायची होती, आतला पक्का गाभा धरायचा होता. अशा झाडांना घनफुटामागे काय मिळणार? पुढच्या पावसाळ्यात आमच्या बांधावरचा साग हिरवागार उभा होता आणि काकांच्या वाडीत बुंध्यांतून फुटवे येत होते. काकू एवढंच म्हणाली, "थांबायला सांगणारं कोणी नव्हतं रे तेव्हा."

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडं. आपण ज्याला रान म्हणतो ते बहुतेक तुमच्या-माझ्या सातबाऱ्यावरचं आहे. ते तोडायचं की ठेवायचं हे कुठल्या मंत्रालयात ठरत नाही, ओटीवर ठरतं, आणि बऱ्याचदा गणपतीच्या सुट्टीत मुंबईहून आलेल्या भावांच्या बैठकीत ठरतं. नेमका तोच सागाचा सगळ्यात वाईट दिसण्याचा काळ.

म्हणून गाववाल्यांना आणि चाकरमान्यांना एकच सांगणं. भादव्यात जाळी झालेला साग बघून त्याचा सौदा करू नका. बारीक फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. बुंध्याशी भुसा किंवा भोकं आहेत का ते पाहा. नसतील तर पुढच्या पावसापर्यंत थांबा. मृगानंतर पंधरा दिवसांनी एक फेरी मारून पालवी पाहा आणि कीड दिसली तर तारीख वहीत लिहून ठेवा. दोन-चार वर्षांत आपल्या वाडीचा हिशोब आपल्याला कळतो. काजू आणि आंब्याच्या खोडाकडे मात्र दर महिन्याला बघा. तिथे थांबून चालत नाही. आणि साग तोडायचाच असेल तर १९६४च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्या. त्यासाठी तालुक्याला घालाव्या लागणाऱ्या खेपांत एवढा वेळ जातो, की तोपर्यंत साग बहुधा पुन्हा पालवलेला असतो.